बाल्टो २ : जळगावच्या उन्हात बर्फातली पोर

मे महिन्यातली दुपार, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरच्या वाळ्यावर दोनदा पाणी टाकलेलं. धाकटीसोबत केळीचे वेफर्स खात 'बाल्टो २ : वूल्फ क्वेस्ट' हा ॲनिमेशनपट पाहिला. २००२ चा, थेट व्हिडिओवर आलेला.

पहिल्या भागामागची गोष्ट खरी आहे. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस जणांनी कुत्र्यांच्या स्लेजवरून सुमारे १,०८५ किलोमीटर औषध पोचवलं. शेवटच्या टप्प्यात पुढे बाल्टो नावाचा कुत्रा होता. दुसरा भाग मात्र पूर्ण कल्पनेतला. स्लेजची धावपळ हवी असेल त्याची निराशा होईल, धाकटीची झालीच. मधली गाणी आणि स्वप्नांचे प्रसंगही रेंगाळतात.

पण आलू! बाल्टोची ही लेक लांडग्यासारखी दिसते म्हणून भावंडांना घरं मिळतात, तिला कुणी नेत नाही. शिकारी तिच्यावर बंदूक रोखतो, तेव्हा कुठे बाप खरं सांगतो, की आपल्यात लांडग्याचं रक्त आहे. ती चिडून निघून जाते. तिच्या मागे जाणारा बाल्टो मला फार जवळचा वाटला. लेकीला आधीच सांगायला हवं होतं, हे त्याच्या पडलेल्या कानांवरून कळतं.

शेवटी तरंगत्या बर्फावरून ती लांडग्यांच्या कळपाला घेऊन निघते आणि बाप काठावर राहतो. माझी थोरली जूनमध्ये पुण्याच्या हॉस्टेलला जाणार. धाकटीनं विचारलं, "पप्पा, ती परत येईल ना?" मला लगेच बोलताच आलं नाही.

सहा वर्षांपुढच्या मुलांसोबत बसून बघा.