मोठे अलॉय टाकायचेत? कंपनीची मोठी साईज, बाहेरचे एक इंच वर की थेट दोन इंच

मोठी चाकं टाकायची म्हटली की सगळे इंचावरून भांडतात, १६ टाकू की १७, पण खरं सांगायचं तर इंच हा यातला सगळ्यात सोपा भाग. उद्या तपासणीत गाडी अडवली किंवा क्लेमच्या वेळी सर्व्हेयरने चाकाकडे बोट दाखवून "हे मूळचं आहे का" विचारलं तर त्याच्या हातात काय ठेवणार, यावर खरा निर्णय ठरतो. त्या हिशोबाने तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवतो. पहिला, तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी देते ती मोठी रिम. दुसरा, बाहेरच्या ब्रँडची एक इंच मोठी रिम. तिसरा, दोन इंच मोठी, रुंद, मडगार्डच्या कडेपर्यंत आलेली, लागलंच तर स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) टाकून.

उदाहरणाला स्टॉक, म्हणजे गाडीसोबत मूळचा आलेला टायर १८५/६५ आर१५ धरू: रुंदी १८५ मिमी, साईडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १५ इंच. रिमचे ३८१ मिमी आणि वरखाली दोन साईडवॉल मिळून अख्ख्या चाकाचा व्यास येतो ६२१.५ मिमी. आता मोठ्या साईज बघा:

१९५/५५ आर१६ – ६२०.९ मिमी, म्हणजे जवळपास तोच
२०५/४५ आर१७ – ६१६.३ मिमी, एक टक्क्याच्या आतच फरक
२१५/६० आर१६ – ६६४.४ मिमी, जवळजवळ सात टक्के मोठं

गंमत बघा, १७ इंची रिमवालं चाक बाहेरून स्टॉकपेक्षा किंचित लहानच आहे, आणि १६ इंची रिमवर जाड टायर चढवलं की गडबड होते. रिम मोठी होणं आणि चाक मोठं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कायद्याला आणि गाडीच्या कॉम्प्युटरला मुख्यतः दुसरीशी घेणं असतं. सात टक्के मोठ्या चाकावर स्पीडोमीटर आधी अगदी बरोबर असेल तर आता १०० दाखवताना गाडी १०७ ने पळत असते, आणि युनोचा ३९ नंबरचा नियम, जो बऱ्याच देशांनी घेतलाय, तो सरळ सांगतो की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. कंपन्या मुळात काटा थोडा चढा ठेवतात म्हणून एकदोन टक्के खपून जातात, सात नाही खपत. शिवाय पिकअप मंदावतो, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि चाक कमानीला घासतं ते वेगळंच.

व्यास जुळला की बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात आणि लोड इंडेक्स बघायचाच विसरतात. टायरवर साईजच्या पुढे ८८ एच वगैरे लिहिलेलं असतं ना, त्यातला ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, एच म्हणजे २१० किमी प्रति तास. आपल्या उदाहरणातला स्टॉक टायर साधारण ८८ चा येतो. १९५/५५ आर१६ बहुतेक ८७ चा मिळतो, म्हणजे ५४५ किलो. पंधरा किलोच तर कमी, असं वाटेल, पण दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ८८ असेल आणि टायरवर ८७, तर कागदावर तुम्ही कमी क्षमतेचा टायर लावलाय, संपला विषय (कंपनीने स्वतःच वरच्या व्हेरिएंटला ८७ दिला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बोलायला तिचाच कागद असतो). २०५/४५ आर१७ तर साध्या रूपात ८४ चा असतो, ५०० किलो, तो नकोच, त्यातला एक्सएल (जास्त वजन पेलणारा) लिहिलेला ८८ चा शोधायचा. एक्सएलची एक खोच कोणी सांगत नाही, साधा टायर आपलं पूर्ण वजन २.५ बार हवेला पेलतो पण एक्सएलला त्यासाठी २.९ बार लागतात, पीएसआयमध्ये ३६ आणि ४२. म्हणजे एक्सएल घेतला आणि हवा जुन्याच आकड्याची भरली तर ते ५६० किलो फक्त टायरवर लिहिण्यापुरतेच. किती भरायची ते टायर कंपनीच्या तक्त्यावरून काढा, अंदाजाने नको.

रिमलाही स्वतःची वजन पेलायची मर्यादा असते, चांगल्या रिमवर ती मागच्या बाजूला कोरलेली असते, आणि ती तुमच्या एक्सलच्या परवानगीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा कमी चालत नाही. सोबत जपानी जेडब्ल्यूएल, व्हीआयए असे मजबुतीच्या चाचणीचे शिक्के किंवा युरोपात विकल्या जाणाऱ्या रिमवर युनोच्या १२४ नंबरच्या नियमाची मंजुरी बघायची. यातलं काहीच नसलेली, डिझाईन मात्र एखाद्या महागड्या ब्रँडची हुबेहूब, अशी रिम समोर आली तर मी तरी हात लावणार नाही, तुटली तर काय म्हणून दाखवणार.

आता फिटिंग. पहिल्या पर्यायात हा प्रश्नच येत नाही, पीसीडी (नटांची भोकं किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती मिमी), ऑफसेट (रिमच्या रुंदीच्या मध्यापासून ती गाडीला टेकते त्या जागेचं अंतर), हबचं म्हणजे रिमच्या मधलं भोक, नटाची बैठक सगळं कंपनीनेच जुळवलेलं असतं. दुसऱ्या पर्यायात इथेच खरा अभ्यास आहे. पीसीडी ४x१०० असेल तर ४x१०० च लागतो, ४x९८ ची रिम ओढूनताणून बसते पण सरळ बसत नाही, नट तिरके ताणले जातात आणि सैल होतात. हबचं भोक बाहेरच्या रिम्सना मुद्दाम मोठं ठेवतात म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येते, तिथे मधली फट भरणारी बरोबर मापाची सेंट्रिक रिंग टाकली नाही तर हायवेला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बिचारे बॅलन्सिंग करत बसतात. नट कोनाचा की गोल बैठकीचा तेही रिमप्रमाणे, जुने नट नव्या रिमला चालतीलच असं नाही.

ऑफसेटचा हिशोब एकदा हाताने करून बघा. स्टॉक रिम ६जे, ईटी४५, म्हणजे ६ इंच रुंद आणि ऑफसेट ४५ मिमी. नवी ७जे, ईटी३८. रुंदी एक इंच वाढली म्हणजे प्रत्येक बाजूला १२.७ मिमी, वर ऑफसेट ७ ने कमी झाला, म्हणून बाहेरची कड १९.७ मिमी बाहेर आली आणि आतली कड सस्पेन्शनकडे ५.७ मिमी सरकली. दोन सेंटिमीटर दिसायला झकास, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंग रस्त्यातले चर पकडायला लागतं आणि काही ठिकाणी चाक मडगार्डच्या बाहेर दिसलं एवढ्यावरच गाडी नापास होते. तिसऱ्या पर्यायात हे सगळं दुप्पट, शिवाय स्पेसर, आणि स्पेसर कित्येक ठिकाणी मंजुरीशिवाय चालतच नाहीत.

कायदा देशागणिक बदलतो पण त्याच्या तऱ्हा मोजक्याच. जर्मनीत रिमसोबत एबीई नावाचा मंजुरीचा कागद येतो, त्यात तुमची गाडी आणि टायर साईज बसत असेल आणि अटी पाळल्या असतील तर तो गाडीत ठेवला की बहुधा झालं, नाहीतर टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून नोंद करून घ्यायची, ते टाळलं तर गाडीची चालवण्याची परवानगीच जाऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या व्हीएसबी १४ या गाडीतल्या बदलांच्या नियमावलीत आकडेच दिलेत, साध्या प्रवासी गाडीचं चाक व्यासाने उत्पादकाच्या सगळ्यात मोठ्या साईजपेक्षा १५ मिमीपेक्षा जास्त मोठं नको. भारतात मोटर वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रातले (आरसीतले) तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी फारकत घेतील असा बदल करू देत नाही. तिन्हीकडे बोट शेवटी एकाच दिशेला जातं, उत्पादकाने किंवा मान्य तपासणाऱ्याने ही साईज या गाडीला चालते असं लिहून दिलंय का? पहिल्या पर्यायात उत्तर मॅन्युअलमध्येच छापलेलं असतं. दुसऱ्यात ते मिळवावं लागतं, मिळण्यासारखं असतं. तिसऱ्यात बहुतेकदा मिळतच नाही, आणि दुकानदाराचं "सगळे लावतात, काही होत नाही" हा कागद नव्हे.

इन्शुरन्सवाल्यांचं गणित आणखी वेगळं. कायदेशीर आहे म्हणजे इन्शुअर्ड आहे असं अजिबात नाही, आणि इथे पहिला पर्याय घेणारेसुद्धा फसतात. त्यांना वाटतं कंपनीचीच रिम आहे, कळवायचं कशाला. पण पॉलिसी तुमच्या व्हेरिएंटवर निघालेली असते, त्या व्हेरिएंटला १५ इंच आहे आणि गाडीला १६, म्हणजे बदल झालाच. कळवा, बहुधा प्रीमियमला फारसा फरक पडणार नाही. दुसऱ्या पर्यायात कळवताना रिमचा ब्रँड, साईज, ऑफसेट, टायरचा पूर्ण नंबर आणि बिल द्यायचं आणि बदलाची नोंद पॉलिसीतच, म्हणजे इंडोर्समेंट म्हणून घ्यायची, फोनवर "हो हो चालेल" म्हणाले त्याला काही किंमत नाही. रिम्स चोरीला गेल्या किंवा वाकल्या तर त्यांची किंमत मिळणार की मूळ स्टीलच्या चाकांची, हेही तेव्हाच विचारून घ्या, कारण न सांगितलेल्या रिमचे पैसे सहसा मिळत नाहीत. आणि अपघात चाकामुळे झालाच नाही तरी न कळवलेला बदल दाखवून कंपनी वाद घालू शकते, मग चाकाचा संबंध नव्हता हे सिद्ध करत तुम्ही बसायचं. तिसऱ्या पर्यायाला काही कंपन्या सरळ नाही म्हणतात, काही प्रीमियम चढवतात. नाही म्हणाल्या तर ते लावायच्या आधी कळणं कधीही बरं, म्हणून फोन रिम घेण्याआधी, नंतर नाही.

चालवण्यातला फरक पटकन सांगतो. साईडवॉल जितकी बारीक तितका खड्डा थेट रिमला. आपल्या उदाहरणात ती १२० मिमीवरून १६ इंचाला १०७ आणि १७ इंचाला ९२ होते. वळणावर गाडी घट्ट वाटते हे खरं, पण रस्ते खराब असतील तर ९२ मिमीवर मी जाणार नाही. मोठी रिम बहुधा जडही असते, त्यामुळे मायलेजही थोडं पडतं. वॉरंटीत सस्पेन्शन किंवा बेअरिंगचा क्लेम आला की बाहेरची चाकं बघून सर्व्हिस सेंटरला आयतं कारण मिळतं, पहिल्या पर्यायात तो डाव त्यांच्याकडे नसतो. आणि हो, स्पेअर चाक विसरू नका, ऑल व्हील ड्राईव्ह असेल तर वेगळ्या व्यासाचं स्पेअर डिफरन्शियलला महागात पडतं.

तर माझं मत. गाडी वॉरंटीत असेल, लोनवर असेल किंवा घरातले चारजण ती चालवत असतील तर डोळे झाकून पहिला, वरच्या व्हेरिएंटच्या काढलेल्या रिम्स सेकंडहँड मिळाल्या तरी चालतील, फक्त वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली नाही ना ते बघून. डिझाईन आवडत नसेल आणि कागदांच्या मागे लागायची तयारी असेल तर दुसरा, पण रुंदी अर्धा इंच आणि ऑफसेट स्टॉकच्या पाचेक मिमीच्या आत ठेवून, म्हणजे बाकीचे प्रश्न निम्मे होतात. तिसरा रोजच्या गाडीला नको, मंजुरी देणारा इंजिनिअर आणि हो म्हणणारी इन्शुरन्स कंपनी दोन्ही आधी हातात असतील तरच.

कुठलाही घेतलात तरी बसवल्यावर गाडीत पूर्ण माणसं बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा कुठे घासतंय का, रिकाम्या गाडीत काही कळत नाही. टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा) असेल तर रीसेट करा, ५० ते १०० किमी झाले की नट टॉर्क रेंचने परत आवळून घ्या. आणि जुनी चाकं लगेच विकू नका, तपासणीत अडकलात किंवा गाडी विकायला काढलीत तर तीच परत चढवायची असतात.