मोफत नेत्रतपासणी शिबिरात माझ्या आईला फसवलं, घरात साठीपुढचं कोणी असेल तर नक्की वाचा

सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिर लागलं होतं. आई सत्तरीची, तिला खिडकीचे गज मधेच वाकडे दिसायला लागले होते म्हणून शेजारच्या काकूंबरोबर तीही गेली. पांढरा कोट घातलेल्या मुलाने टॉर्च मारला आणि म्हणाला, आजी मॅक्युला (डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, मधला भाग) सुकतोय, पण घाबरू नका, आमचे थेंब आणि कॅप्सूल 3 महिने घ्या, पडदा पहिल्यासारखा होईल, 24,000 चा कोर्स आज घेतला तर 18,000 ला.

आता यांनी काय केलं ते नीट वाचा. थेंब टाकायच्या आधी तक्ता वाचायला लावला तेव्हा आईचा चांगला उजवा डोळा झाकला होता. थेंब टाकून थोडा वेळ बसवलं आणि परत वाचायला लावलं तेव्हा दोन्ही डोळे उघडे! मग काय, खालच्या ओळी पण वाचता आल्या, आई एकदम खूश, तिथल्या तिथे पैसे दिले. पावती म्हणून साधा कागद, त्यावर ना डॉक्टरचं नाव ना नंबर.

पुढे पुढे समोरच्याचा चेहराच दिसेना, मधोमध काळा डाग. फोन केला तर म्हणे आधी थोडं वाढतंच, कोर्स सोडू नका. शेवटी रेटिनावाल्या डॉक्टरांकडे नेलं, ओसीटी (पडद्याचं स्कॅन) काढली तर वयामुळे मॅक्युला खराब होण्याच्या आजाराचा वेट प्रकार निघाला, म्हणजे पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून त्यातून पाणी झिरपतं. यावर डोळ्यात इंजेक्शनं असतात, ती लवकर सुरू झाली तर बऱ्याच जणांची नजर टिकते, थोडी सुधारतेही, पण एकदा व्रण पडला की तेवढी नजर परत येत नाही. 18,000 गेले त्याचं दुःख आहेच हो, पण आईचे हे महिने गेले त्याचा राग मला जास्त आहे.

शिबिरवाल्यांनी या आजारावरच्या गोळ्यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाचा कागद पण दाखवला होता. अभ्यास खरा आहे, 2001 चा, नंतर 2013 ला सुधारित फॉर्म्युला आला (ल्युटिन, झिअॅक्सॅन्थिन, झिंक, कॉपर, व्हिटॅमिन सी आणि ई). पण त्या गोळ्यांनी मधल्या टप्प्यातल्या पेशंटचा आजार पुढे जायचा धोका कमी होतो, गेलेली नजर येत नाही, आणि थेंबांचा तर त्यात संबंधच नाही. आणि सिगरेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनवाल्या जुन्या फॉर्म्युल्याच्या गोळ्या घेऊ नयेत, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

घरच्या घरी बघायचं असेल तर अॅम्सलर चार्ट मिळतो, चौकटींचा कागद, मधे ठिपका. वाचायचा चष्मा लावून, पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर, एकेक डोळा तळहाताने पूर्ण झाकून ठिपक्याकडे बघायचं. दोन्ही डोळ्यांनी बघू नका, चांगला डोळा खराब डोळ्याचं सगळं लपवतो, त्याच जोरावर या लोकांनी धंदा केला. रेषा वाकड्या, तुटक किंवा गायब दिसल्या तर थेट रेटिनाच्या डॉक्टरकडे जा, दोन-चार दिवसात, पुढच्या महिन्यात नाही.

1954 चा औषध व जादूटोणा उपचार जाहिरातीचा कायदा आहे, त्यातल्या आजारांच्या यादीत अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू सगळं आहे, असले आजार बरे करतो म्हणून जाहिरात करणं गुन्हा आहे. आम्ही 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बाटली आणि कागद जपून ठेवलेत, आणि सोसायटीच्या कमिटीला लेखी दिलंय की यापुढे डॉक्टरचा मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर घेतल्याशिवाय कुठल्याही शिबिराला क्लबहाऊस द्यायचं नाही.