मॉर्गन ल फे नव्याने लिहायची तर: मॉरिगन की मोद्रॉन?

राजा आर्थरच्या दंतकथांमधली त्याची जादूगार बहीण मॉर्गन ल फे, तिच्यावर नवं काही लिहायला बसलं की तिच्यामागे कोणती देवी उभी करायची, हा प्रश्न येतोच. आयर्लंडची मॉरिगन की वेल्सची मोद्रॉन? माझ्या दीर्घकथेचे दोन खर्डे झाले, दोघींचा एकेक. त्यावरून लिहितोय. तुमची कथा वेगळ्या वळणाची असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल.

मॉरिगनचा मोह पडतो, आणि पडावाच. तिच्याबद्दल जुन्या आयरिश साहित्यात भरपूर आहे आणि सगळं डोळ्यांसमोर उभं राहणारं. 'तॉन बो कूलन्य' या वीरकथेत तिचा नायक कू खुलिन मॉरिगनचं प्रेम नाकारतो. मग तो नदीच्या उतारावर, म्हणजे पायी ओलांडायच्या उथळ जागी, लढत असताना ती आधी वाम मासा होऊन त्याच्या पायांना विळखा घालते, मग लांडगी होऊन येते, मग बिनशिंगाची तांबडी कालवड होऊन. राग, वेग, भविष्यवाणी, सगळं आयतं मिळतं. तुमची मॉर्गन शेवटपर्यंत आर्थरची वैरीणच राहणार असेल, तर मी मॉरिगनच सुचवेन.

फक्त नावांच्या सारखेपणावर भिस्त ठेवू नका. मॉरिगनमधलं 'रीगन' म्हणजे राणी, आपल्या 'राज्ञी'चं दूरचं भावंड. मॉर्गनचं जुनं रूप 'मॉर्गेन' ब्रिटनच्या बाजूचं, समुद्राशी नातं सांगणारं. भाषेच्या दृष्टीने ही दोन नावं वेगळ्या घरची आहेत.

माझं घोडं अडलं ते शेवटच्या प्रसंगात. मॉर्गन साहित्यात पहिल्यांदा भेटते ती 1150च्या सुमारास, जेफ्री ऑफ मॉनमथच्या 'वीटा मर्लिनी' या लॅटिन काव्यात. तिथे ती वैरीण नाहीच. सफरचंदांच्या बेटावरच्या नऊ बहिणींतली ती प्रमुख, झाडपाल्याची जाणकार. घायाळ आर्थरला तिच्याकडे आणतात. ती त्याला सोन्याच्या पलंगावर ठेवते, स्वतःच्या हाताने जखम उघडते, बराच वेळ बघत राहते आणि सांगते की तो पुष्कळ दिवस माझ्याजवळ राहिला तर बरा होईल.

हा प्रसंग मी पहिल्या, मॉरिगनच्या खर्ड्यात चारदा लिहिला. चारही वेळा तो हात खोटा वाटला. धाकट्या बहिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "दादा, ही त्याला वाचवायला आलीय की मेला का ते बघायला?" तिचं बरोबर होतं. मॉरिगन कू खुलिनला बरं करत नाही. म्हातारीच्या रूपात ती तीन सडांच्या गाईचं दूध त्याला पाजते, प्रत्येक घोटाला तो आशीर्वाद देतो, आणि भरतात त्या त्याने लढताना केलेल्या तिच्याच जखमा. प्रसंग विलक्षण आहे, पण माझ्या कथेच्या नेमका उलटा.

मोद्रॉनची अडचण म्हणजे तिच्याबद्दल फार थोडं हाती लागतं. फ्रान्समधल्या मार्न नदीची देवी मात्रोना, म्हणजे 'आई', हे तिच्या नावाचं मूळ. वेल्श परंपरेत ती अवाल्लाखची मुलगी, राजा उरिएनपासून झालेल्या ओवाइनची आई. पुढच्या आर्थरकथांत मॉर्गनलाही हाच नवरा आणि हाच मुलगा मिळतो, म्हणून हा धागा मला नावापेक्षा भक्कम वाटतो. तिचा दुसरा मुलगा माबोन तीन रात्रींचा असताना तिच्या कुशीतून नाहीसा झाला. त्यानंतर तिचं काय झालं, हे ती कथा सांगत नाही. ती मोकळी जागा मला मिळाली. तीन रात्रींचं बाळ गमावलेली बाई भावाच्या उशाशी बसली आहे, एवढं धरून लिहिलं आणि शेवटचा प्रसंग एका बैठकीत उतरला.

गंमत म्हणजे दोघीही पाण्याकाठी धुणं धुताना भेटतात. आयर्लंडमध्ये स्लायगोकडच्या उनशिन नदीत मॉरिगन दोन काठांवर दोन पाय रोवून उभी, डोक्यावर नऊ मोकळ्या बटा. वेल्समध्ये लानवेरेसजवळच्या अशाच एका पाण्याच्या उतारावर कुत्री भुंकत असतात, भीतीने कोणी फिरकत नाही. उरिएन धीर करून जातो तर तिथे फक्त एक बाई धुणं धूत असते. दोघं एकत्र येतात, आणि वर्षाअखेर ये आणि आपला मुलगा घेऊन जा, असं ती त्याला सांगते. ती मोद्रॉन.

दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात मी त्या उतारावरून केली. तिथे तिने पिळून वाळत घातलेलं कापडच शेवटी आर्थरच्या जखमेवर आलं.