धावताना कानात काय: बोन कंडक्शन की इअरबड्स?

रस्त्यावर धावायचं असेल तर मी डोळे झाकून बोन कंडक्शन हेडफोन घेईन. त्याचे पॅड कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात. कंपनं हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतात आणि कानाचं भोक मोकळं राहतं. मागून येणाऱ्या सायकलची घंटी, कुत्र्याचं गुरगुरणं, सगळं ऐकू येतं. इअरबड्सनी कान बंद झाला की प्रत्येक पाऊल डोक्यात धपधप घुमतं, शिवाय घामाने ते निसटतात.

बेस मात्र इअरबड्सचाच. बोन कंडक्शनवर ढोलाचा ठोका पोकळ वाटतो, आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात. गजबजाटात शब्दही बुडतात. तरी आवाज चढवत नेऊ नका, आतल्या कानाला इजा दोन्हींनी होऊ शकते. ट्रेडमिलवर मी इअरबड्सच घालते.