लेबल निळं, बुकिंग साधं

गेल्या मे महिन्यात नैरोबीला १८० किलो इन्सुलिन पाठवलं. माझा धंदा छोटा, महिन्याला दोन-तीन शिपमेंट. त्यामुळे सगळं फॉरवर्डरवर, म्हणजे विमानात मालाची जागा बुक करणाऱ्या एजंटवर, सोडलेलं. चार वर्षांची ओळख. त्याने 'कोल्ड चेनचे' म्हणून किलोमागे ६५ रुपये जादा लावले. औषधाचा मामला, म्हणून मी घासाघीसही केली नाही.

पॅकिंग माझ्या डोळ्यांदेखत झालं. थर्माकोलचे बॉक्स, जेल पॅक, मधोमध तापमान नोंदवणारा डेटा लॉगर, प्रत्येक बॉक्सवर निळं लेबल आणि त्यावर ठळक '२ ते ८ अंश'. मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोला ड्रग कंट्रोलरची एनओसी वेळेत मिळाली. मला आलेल्या एअरवे बिलावर, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवर, पीआयएल आणि सीओएल हे कोडही होते. पहिला औषधाचा, दुसरा २ ते ८ अंशांचा. आणखी काय बघायचं?

पाचव्या दिवशी खरेदीदाराचा मेल आला, सोबत लॉगरचा आलेख. मुंबईत रेघ ५ अंशांवर सपाट. आखातातल्या ट्रान्झिटमध्ये ती जिना चढावा तशी वर गेलेली: १२, १९, २७. माल घेणार नाही, एवढंच खाली लिहिलं होतं.

"साहेब, एअरलाइनने उन्हात ठेवला, त्याला मी काय करू? बघतो मी," फॉरवर्डर म्हणाला. मी ते खरं धरलं. मग एका जुन्या सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने, विचारलं, "तुमच्याकडे हाउस बिल आहे की मास्टर?"

इथेच मेख होती. हाउस बिल फॉरवर्डर स्वतः काढतो, त्यावर काय छापायचं ते त्याच्या हातात. एअरलाइन चालते मास्टरवर. खरेदीदाराकडून मास्टर मागवलं, तर वर्णनात 'कन्सोलिडेशन' आणि स्पेशल हँडलिंगचा रकाना कोरा. माझं इन्सुलिन इतरांच्या मालात घालून साध्या दराने गेलं होतं. ते थंड ठेवा असं एअरलाइनला कुणी सांगितलंच नव्हतं. आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेने ते निळं लेबल २०१२ पासून सक्तीचं केलंय, पण तसं बुकिंग असेल तरच ते लावायचं. माल स्वीकारताना ही तफावत कुणाच्या नजरेत कशी आली नाही, ते मला अजून उलगडलेलं नाही.

विमान वाहतुकीच्या मॉन्ट्रियल करारानुसार खराब मालाची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत करावी लागते. त्यातले नऊ दिवस "बघतो मी" ऐकण्यात गेले. शिवाय किंमत आधी जाहीर केली नसेल, तर भरपाई वजनावर, किलोला जास्तीत जास्त २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक). इन्सुलिन असो की कांदे, मर्यादा तीच.

आता गाडी भरण्याआधी मी मास्टरचा ११ आकडी नंबर मागतो. पहिले तीन आकडे एअरलाइनचे. त्या एअरलाइनच्या कार्गो डेस्कला स्वतः फोन करून बुकिंगवर कोणता कोड पडलाय ते विचारतो. परवा एका नव्या फॉरवर्डरकडे नंबर मागितला, तर म्हणाला, "एवढाही विश्वास नाही होय?" त्याचं कोटेशन तिथंच मिटवलं.