हॉट-कोल्ड इन्व्हर्टर एसी, दोन्ही सीझन वापरून झाल्यावर: मशीन चांगलं, पाईपने छळलं

स्पेक्स सगळ्यांनी वाचलेले असतात, त्यामुळे दीड टन, इन्व्हर्टर, हॉट अँड कोल्ड, आर-३२ गॅस एवढंच सांगून मुद्द्यावर येतो. खरं तर निवांत लिहिणार होतो पण परवा सर्व्हिसवाल्याशी जे वाजलं त्यानंतर राहवेना.

इनडोअर युनिटच्या कोपऱ्यातून भिंतीवर पाणी ओघळायला लागलं, कूलिंगही मंदावलेलं. माणूस आला, कव्हर उघडायचं नावच नाही, रिमोटवर तापमान खाली केलं, हवेसमोर हात धरून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." म्हटलं अहो, गॅस काय पेट्रोल आहे का वापरून संपायला? बंद सर्किट असतं, तोच गॅस फिरत राहतो, कमी झाला असेल तर कुठूनतरी लीक आहे, आधी ते शोधा, फ्लेअर नटला, म्हणजे तांब्याचे पाईप जोडणाऱ्या नटला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, जॉइंटपाशी तेलकट डाग आहे का बघा. तर म्हणे "लीक नाही हो, थोडा थोडा उडतोच." उडतो म्हणजे काय!

मग त्याने गॅसचं प्रेशर मोजायचा गेज काढला. आता इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर लोडप्रमाणे स्पीड बदलत असतो, नुसता काटा बघून गॅस कमी की जास्त हे ठरत नाही. किती वजनाचा गॅस हवा ते युनिटच्या प्लेटवर छापलेलं असतं, शंका असेल तर आहे तो काढून वजनावर भरायचा. वजनकाटा आणलाय का विचारलं, तर नाही. म्हटलं राहू द्या. व्हिजिटचा चार्ज मात्र घेऊन गेला, तो बरोबर मोजता आला त्याला.

मग एमसीबी बंद केला आणि स्वतःच बसलो. फिल्टर स्वच्छ होता, तो मी महिन्यातून दोनदा धुतोच. सगळा घोळ ड्रेन पाईपचा, म्हणजे आतलं पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपचा. ओलं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर पाईपच्या बाहेरच्या टोकाला लावला, फट फडक्याने आवळली, आणि आधी नुसतं गुडगुडलं, मग एकदम करड्या रंगाचा बुळबुळीत गोळा आला, त्याच्यामागे साठलेलं काळं पाणी. वास तर विचारू नका. आतल्या गार कॉइलवर (गॅस फिरतो त्या नळ्यांच्या जाळीवर) हवेतली वाफ पाणी होऊन खालच्या ट्रेमध्ये पडते, धूळही तिच्यासोबत जाते, आणि फिटिंगवाल्याने त्या वळ्यावळ्यांच्या पाईपला मध्येच वर उचलून क्लिप मारलेली. पाणी चढ कसं चढणार? तिथेच साचणार, तिथेच गाळ धरणार. साधारण शंभराला एक एवढा जरी सलग उतार दिला तरी हा प्रकार टळतो. टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तरी हवा अडकून पाणी मागे येतं, तेही बघा. आणि गंमत अशी की ज्याने एकदाही त्रास दिला नाही त्या कॉम्प्रेसरला वर्षानुवर्षांची वॉरंटी, आणि ज्याने भिंत खराब केली त्या पाईपला काहीच नाही!

पाणी थांबलं पण कूलिंग अजून तसंच. टॉर्च मारली तर ब्लोअरच्या, म्हणजे हवा फेकणाऱ्या आतल्या पंख्याच्या, पात्यांमध्ये काळा थर बसलेला, फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ तिथे जाते आणि ओलसर असल्यामुळे चिकटते. हवा गार पण कमी येत असेल तर फिल्टर आणि ब्लोअर बघा, हवा भरपूर पण गार नसेल तर मग आउटडोअरची कॉइल, गॅस, कॉम्प्रेसर. कॉइलवर बर्फ दिसला की लगेच गॅसवर खापर फोडतात, आणि गॅस कमी असला तरी बर्फ जमतो हे खरंच आहे, पण हवा अडली तरी जमतोच की. शेवटी दुसऱ्या माणसाकडून खाली पिशवी बांधून जेटने ब्लोअर धुवून घेतला, गॅसला हातही न लावता पहिल्यासारखी हवा.

हीटिंगबद्दल मी सुरुवातीला जाम वैतागलो होतो. ऐन थंडीत मध्येच पंखा बंद, आउटडोअरमधून धुरासारखी वाफ, म्हटलं जळलं बहुतेक. रिव्ह्यूत शिव्याच घालणार होतो, त्या मागे घेतो. तो डीफ्रॉस्ट असतो, बाहेरच्या कॉइलवर दव गोठलं की मशीन थोडा वेळ उलटं चालून ते वितळवतं, मग आपोआप परत गरम. साधा हीटर एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो, हा बाहेरची उष्णता ओढून आणतो म्हणून फार कडाका नसेल तर तीनपट तरी देतो. माझ्यासारख्या कंजूस माणसाला एवढं पुरे.

फक्त हीटिंगमध्ये पाणी आउटडोअरला पडतं, आतला पाईप अख्खा सीझन कोरडा राहतो आणि गाळ आतच वाळून बसतो. म्हणून कूलिंग सुरू करायच्या आधी एमसीबी बंद करून ट्रेमध्ये हळूहळू मगभर पाणी ओता, वायरिंगवर मात्र सांडू देऊ नका, आणि बाहेर कुणाला तरी टोकापाशी उभं करा. धार आली तर ठीक, थेंब थेंब आलं तर व्हॅक्यूम क्लीनर लावा.