नासाचं आयज ऑन अ‍ॅस्टेरॉइड्स: फुकट आहे, बघाच
वेबसाइट आहे, ब्राउझरमध्ये उघडायची, लॉगिन वगैरे काही भानगड नाही. माहीत असलेले सगळे पृथ्वीजवळचे लघुग्रह थ्रीडीमध्ये फिरताना दिसतात. पहिल्यांदा बघून धडकीच भरते, पण ते ठिपके खऱ्या आकारापेक्षा खूपच मोठे दाखवलेत, मधे अफाट रिकामी जागा आहे हे लक्षात ठेवा. पुढचे पाच जवळून जाणारे कोण ते वेगळं दिसतं, मला तेच जास्त आवडलं. अपोफिस हा लघुग्रह नक्की शोधा, 13 एप्रिल 2029 ला जेमतेम 32,000 किमीवरून जाणारे, म्हणजे टीव्हीच्या सॅटेलाइटपेक्षाही जवळून, आपटणार मात्र नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवाल्या काकांना हीच लिंक पाठवा. नासाच्या डार्ट यानाने 2022 मध्ये डिमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहाला दिलेली धडकही आहे. जुन्या मोबाइलवर नको, लॅपटॉप घ्या.